निळ्या गटाबाहेरची वहिनी: औषधाच्या एका निरोपाचे प्रकरण

हे प्रकरण आमच्याच घरातले आहे. घरच्यांची परवानगी घेऊन, कुणाचेही नाव न देता लिहितो आहे. माणसे नात्याने ओळखावीत. नाना म्हणजे माझे चुलते. त्यांचा थोरला मुलगा, आमचा दादा, आणि वहिनी त्यांच्याबरोबर इंदूरला राहतात. मधला भाऊ न्यू जर्सीत आणि धाकटी बहीण कॅलिफोर्नियात. मी त्यांचा चुलत भाऊ, राहतो इंदूरलाच. संगणक शिकवणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे घरातल्या सगळ्या फोनांची दुखणी माझ्याकडे येतात.

पार्श्वभूमी

नाना चौऱ्याऐंशी वर्षांचे. हृदयाचे ठोके अनियमित पडतात, म्हणून रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी २०१९ पासून चालू आहे. या गोळीची मात्रा ठरलेली नसते. रक्ताची आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी) करायची, आकडा साधारण २ ते ३ च्या दरम्यान ठेवायचा. तो खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. मेथी-पालक जास्त खाल्ली तरी आकडा हलतो, आणि काही अँटिबायोटिक घेतली की भराभर चढतो. म्हणजे दर तपासणीनंतर कुणीतरी आकडा बघून डॉक्टरांना विचारायचे आणि त्या रात्रीची गोळी ठरवायची.

हे काम घरात असे वाटले गेले होते. तपासणीचे पैसे मधला ऑनलाइन भरायचा, म्हणून अहवाल त्याच्या ईमेलवर जायचा. तो आकडा भावंडांच्या गटात टाकायचा, दादा तो वाचून डॉक्टरांना फोन करायचा आणि मग वहिनींना सांगायचा. गोळी वहिनी द्यायच्या. रात्री नानांजवळ झोपणाऱ्या, देखभालीला ठेवलेल्या मावशी वेळेला आठवण करायच्या. पाच माणसांची साखळी, आणि औषध प्रत्यक्ष हाताळणाऱ्या दोघी तिच्या अगदी शेवटी.

भावंडांचा गट आयमेसेजवर होता. अ‍ॅपलची ही सेवा ऑक्टोबर २०११ मध्ये आयफोनच्या आयओएस ५ या प्रणालीबरोबर आली आणि आजही फक्त अ‍ॅपलच्या उपकरणांवर चालते. आयफोनवरून आयफोनला गेलेला निरोप निळ्या पट्टीत दिसतो, बाकी कुणालाही गेलेला हिरव्या. दादाकडे मधल्याने दिलेला जुना आयफोन होता. वहिनींचा फोन अँड्रॉइड.

वहिनी सुरुवातीला त्या गटात होत्या, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. त्या असल्या की सगळा गट हिरवा व्हायचा, नातवंडांचे फोटो धूसर यायचे किंवा यायचेच नाहीत, एकाचे उत्तर दुसऱ्याला दिसायचे नाही. म्हणून धाकटीने त्यांना वगळून नवा गट केला. मनात काही वाईट नव्हते, फोटो नीट दिसावेत एवढेच होते. पण नानांचे सगळे करणारी बाई नानांबद्दलच्या गटाबाहेर राहिली, आणि दोन वर्षे हे कुणालाही खटकले नाही. मलाही नाही.

अडचण

२०२३ ची दिवाळी १२ नोव्हेंबरला होती. त्याच दिवसांत दादाच्या आयफोनची बॅटरी फुगली. दुसऱ्या दिवशी मी त्याचे सिम काढून घरातल्या एका जुन्या अँड्रॉइडमध्ये घातले. फोन लागत होता, व्हॉट्सअ‍ॅप चालू झाले, मी घरी आलो.

करायचे एक काम राहून गेले. आयफोन सोडताना आपला क्रमांक आयमेसेजच्या नोंदणीतून काढावा लागतो. नाही काढला तर दुसऱ्यांचे आयफोन त्याला आयफोनवालाच समजतात आणि निरोप त्याच मार्गाने पाठवत राहतात. फोन हाताशी नसला तरी नोंदणी रद्द करता यावी म्हणून अ‍ॅपलने नोव्हेंबर २०१४ मध्ये एक वेबपान केले आहे. क्रमांक टाकायचा, एसएमएसने आलेला कोड भरायचा, झाले. मला हे माहीत होते. दिवाळीच्या गडबडीत सुचले नाही. ही चूक माझी.

त्याच आठवड्यात नानांना खोकला झाला आणि अँटिबायोटिक सुरू झाले. २१ नोव्हेंबरला तपासणी झाली. आयएनआर ४.४. मधल्याने लगेच गटात लिहिले, की आजची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. दोघांच्या संभाषणात निरोपाखाली ‘पोहोचला’ असे दिसते, गटात तसे काही दिसत नाही. त्याने निरोप टाकला आणि निश्चिंत झोपला. इथे दादाच्या फोनवर काही आलेच नाही. वहिनींनी मनाशी धरले की कुणी काही बोलले नाही म्हणजे अहवाल ठीक असणार. दोन रात्री नेहमीची गोळी दिली गेली.

२३ तारखेला सकाळी दात घासताना नानांच्या हिरड्यांतून रक्त आले आणि थांबेना. वहिनी कुणाची वाट न बघता त्यांना घेऊन थेट डॉक्टरांकडे गेल्या. आकडा ५.३. दोन दिवस गोळी बंद, रोज तपासणी, आणि नाना सावरले. पण त्या वयात तेच रक्त हिरडीऐवजी मेंदूत आले असते तर काय झाले असते, हे डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितले.

ही सेवा एकाच कंपनीपुरती का आहे

पुढच्या वादात हा प्रश्न सारखा येत राहिला. मधला म्हणायचा की सुरक्षिततेसाठी. मला ते अर्धेच खरे वाटते.

२०२१ मध्ये एपिक गेम्स ही गेम कंपनी आणि अ‍ॅपल यांच्या खटल्यात कंपनीचे अंतर्गत ईमेल न्यायालयात उघड झाले. २०१३ मध्येच एडी क्यू या वरिष्ठ अधिकाऱ्याने आयमेसेज अँड्रॉइडवर न्यावे असा आग्रह धरला होता. त्यांचे सहकारी क्रेग फेडरिगी यांचा आक्षेप असा, की तसे केले तर आयफोन वापरणारी कुटुंबे मुलांना अँड्रॉइड फोन घेऊन देतील, त्यांना अडवणारी गोष्टच उरणार नाही. २०१६ मध्ये आणखी एक वरिष्ठ अधिकारी फिल शिलर यांनीही लिहिले की यात आपल्याला फायद्यापेक्षा तोटा जास्त. म्हणजे दार बांधता येत होते. ते न बांधण्याचा निर्णय झाला, आणि कारण विक्रीचे होते. अमेरिकेच्या न्याय विभागाने मार्च २०२४ मध्ये अ‍ॅपलवर मक्तेदारीचा दावा लावला, त्यातही निरोपांचा मुद्दा आहे. उलट युरोपीय आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आयमेसेजला आपल्या नव्या डिजिटल बाजार कायद्याच्या बंधनातून वगळले.

मधल्याची बाजूही सांगायला हवी. आयमेसेजचे निरोप टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध असतात, वाटेतल्या कुणाला वाचता येत नाहीत, आणि कंपनीने स्वतःच्या ग्राहकांसाठी बनवलेली वस्तू फुकट सगळ्यांना का द्यावी, हा त्याचा प्रश्न गैर नाही. माझे उत्तर एवढेच होते, की भिंतीमुळे त्याचे वहिनींना जाणारे निरोप साध्या एसएमएसने जात होते, ज्याला कसलेच कुलूप नाही. भिंतीबाहेर बोलायची वेळ आली की आतल्या माणसाचीही सुरक्षितता जाते.

आपल्याकडे हा वाद परका वाटतो, कारण आपण तो आधीच एकदा पाहून विसरलो आहोत. कॉलेजातली पोरे एकमेकांना ब्लॅकबेरी फोनवरच्या मेसेंजरचा पिन विचारायची, ते दिवस आठवा. ती मेसेंजर सेवाही एका फोन कंपनीपुरतीच मर्यादित होती. ऑक्टोबर २०१३ मध्ये ती आयफोन-अँड्रॉइडवर आली तेव्हा लोक निघून गेले होते, आणि ३१ मे २०१९ ला सर्वसामान्यांसाठी बंदही झाली. व्हॉट्सअ‍ॅप मात्र मिळेल त्या फोनवर चढत गेले. २०१८ मध्ये तर १,५०० रुपयांच्या ठेवीवर मिळणाऱ्या जिओफोनवरही आले.

पर्याय आणि वाद

२६ नोव्हेंबर, रविवार, सकाळी दहा. न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेअकरा, कॅलिफोर्नियात साडेआठ. बैठक फेसटाइमवर, म्हणजे अ‍ॅपलच्या व्हिडिओ कॉलवर, झाली. मधल्याने लिंक पाठवली आणि वहिनी अँड्रॉइडच्या ब्राउझरमधून आत आल्या. ही सोय अ‍ॅपलने २०२१ मध्ये दिली. व्हिडिओसाठी पाहुण्यांना दार उघडता आले तर निरोपांसाठी का नाही, हे मी तिथेच विचारले. मधला काही बोलला नाही.

मग त्याने पहिला पर्याय मांडला: दादा-वहिनींना नवे आयफोन. पैसे तो देणार होता. तेव्हा आयफोन १५ ची किंमत इथे ७९,९०० रुपयांपासून होती. सप्टेंबर २०२२ मध्ये एका परिषदेत कुणीतरी अ‍ॅपलचे प्रमुख टिम कुक यांना सांगितले होते, की आईला व्हिडिओ नीट पाठवता येत नाहीत. तुमच्या आईला आयफोन घेऊन द्या, असे उत्तर मिळाले होते. मधल्याने ते ऐकलेले नव्हते, त्याला ते आपसूक सुचले. घरात प्रेम आहे, पैसा आहे, मग वस्तू घेऊन प्रश्न मिटवावा, असे कुणालाही वाटेल. मला त्यात वाईट काही दिसत नाही.

वहिनी बराच वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “भाऊजी, मला दिलात, मावशींना कोण देणार? फिजिओथेरपीवाल्या मुलीला? औषधवाल्याला? आज मी बाहेर आहे, उद्या त्या बाहेर असतील.”

आम्ही दोन तास तंत्रज्ञान बोललो आणि नेमके वर्मावर बोट वहिनींनी ठेवले. नानांच्या औषधाच्या साखळीत रोजची पाच-सहा माणसे आहेत आणि ती बदलत असतात. प्रत्येकाला एकाच कंपनीचा फोन हवा, अशी अट घालणारी सोय आजारपणात चालत नाही.

दुसरा पर्याय होता पूल बांधण्याचा, म्हणजे अँड्रॉइडवर आयमेसेज आणणारे एखादे तिसरे अ‍ॅप. त्याच नोव्हेंबरात ‘नथिंग’ या फोन कंपनीने असे अ‍ॅप आणले होते, पण निरोप नीट कूटबद्ध नसल्याचे उघड होताच एक-दोन दिवसांत मागे घेतले. धाकटीच्या मुलाला तरीही आशा होती. ५ डिसेंबरला बीपर मिनी आले तेव्हा तो हरखून गेला. या अ‍ॅपने आयमेसेजची भाषाच उलगडली होती, मध्ये कुणाचा मॅक, म्हणजे अ‍ॅपलचा संगणक, ठेवायची गरज नव्हती, आणि त्या उलगड्यामागे एका शाळकरी मुलाचे काम होते. रविवारी आपण वहिनींच्या फोनवर घालून बघू, असे मी कबूल करून बसलो. शुक्रवारी, ८ डिसेंबरला, अ‍ॅपलने तो मार्ग बंद केला. पुढे काही दिवस उघड-मीट चालली आणि मग तो प्रयत्न थांबला.

इथे माझा निर्णय चुकत होता, हे कबूल करायला हवे. मला त्या शाळकरी मुलाच्या हुशारीचे अप्रूप वाटत होते. पण घरमालक कधीही बुजवू शकेल अशा वाटेवर गोळीचा निरोप ठेवायचा नसतो. अ‍ॅप दोन दिवस उशिरा बंद झाले असते तर मी ते वहिनींच्या फोनवर घातलेच असते.

एसएमएसचा विचार फार टिकला नाही. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, देवनागरीत ७०, आणि त्यात काना, मात्रा, हलन्त सगळे वेगवेगळे मोजले जाते. “नानांच्या हिरड्यांतून रक्त येतंय, आजची गोळी दिली नाही, डॉक्टरांना फोन केला आहे” एवढे वाक्यसुद्धा दोन तुकड्यांत जाते. शिवाय परदेशी एसएमएसचे पैसे वेगळे.

आरसीएस म्हणजे एसएमएसची सुधारलेली पिढी. अ‍ॅपलने १६ नोव्हेंबर २०२३ ला, आमच्या घोळाच्या ऐन मध्यात, पुढल्या वर्षी ती आयफोनवर देऊ असे जाहीर केले होते. मधला म्हणाला, थोडे थांबू. नानांची पुढची तपासणी आठवड्यावर होती. पुढल्या वर्षापर्यंत थांबण्याला काही अर्थ नव्हता.

राहिले व्हॉट्सअ‍ॅप आणि सिग्नल. मधल्याने जानेवारी २०२१ मध्ये, नव्या गोपनीयता धोरणावरून गदारोळ झाला तेव्हा, व्हॉट्सअ‍ॅप काढून टाकले होते. त्याचा राग तत्त्वाचा होता. निरोपाचा मजकूर २०१६ पासून कूटबद्ध आहे, पण कोण कुणाशी कधी बोलतो ही माहिती मेटाकडे, म्हणजे मालक कंपनीकडे, राहतेच. मुद्दा बरोबर आहे. सिग्नल हे निरोपांचे दुसरे अ‍ॅप या बाबतीत पुष्कळ चांगले, आणि मी स्वतः तेच सुचवले.

अडले मावशींपाशी. त्या माळवी-हिंदी बोलतात, टाइप करत नाहीत, सगळे आवाजात सांगतात. त्यांच्या फोनमध्ये जागा भरत आलेली. व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवणे त्या नातवाकडून शिकल्या होत्या, दुसऱ्या अ‍ॅपला त्यांनी हात जोडले.

निर्णय

१० डिसेंबरच्या बैठकीत धाकटी आधी बोलली. “वहिनींना गटातून मीच काढलं होतं. फोटोंसाठी.” थोडा वेळ कुणी काही म्हणाले नाही. मग मधल्याने सांगितले, की या एका गटापुरते तो व्हॉट्सअ‍ॅप पुन्हा घालेल.

गट सहा जणांचा झाला, मावशी धरून. तो वहिनींनी चालवायचा. अहवाल यापुढे प्रयोगशाळेने थेट वहिनींच्या क्रमांकावर पाठवायचा. पैसे कोण भरतो याचा त्याच्याशी संबंध नाही. मात्रा बदलायची असेल तर आधी फोन, मग गटात लेखी, आणि गोळी देणाऱ्याने “दिली” किंवा “दिली नाही” असे परत कळवायचे. कुणी काहीच बोलले नाही म्हणजे सगळे ठीक, ही समजूत आम्ही त्या दिवशी मोडीत काढली. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात प्रत्येक निरोप कुणाकुणाला पोहोचला हे दाबून पाहता येते, ते मी सगळ्यांना दाखवले. मधल्याच्या शंकेखातर सगळ्यांच्या बॅकअपलाही कुलूप लावून दिले. ते आपोआप लागलेले नसते, सेटिंगमध्ये जाऊन लावावे लागते. दादाच्या क्रमांकाची जुनी नोंदणीही रद्द केली, जे महिनाभर आधी पाच मिनिटांत झाले असते.

भावंडांचा निळा गट तसाच राहिला, फोटोंसाठी. तो मोडायचे काही कारण नव्हते.

पुढे काय झाले

फेब्रुवारी २०२४ मध्ये नानांना पुन्हा अँटिबायोटिक द्यावे लागले. या वेळी वहिनींनीच गटात लिहिले, की तपासणी चार दिवस आधी करून घेते. आकडा ३.४ निघाला, मात्रा कमी झाली, विषय संपला. मावशींचा “आज आधी गोली दी” (म्हणजे अर्धी) असा आवाज रात्री साडेनऊला येतो आणि न्यू जर्सीत तो दुपारी ऐकला जातो.

सगळे सुरळीत झाले असे नाही. जूनमध्ये मधल्याने कामाच्या गडबडीत गट मूक करून ठेवला आणि तीन दिवस त्याला काहीच कळले नाही. तेव्हा “आधी फोन” या नियमाने सांभाळले. एका कंपनीच्या अंगणातून दुसऱ्या कंपनीच्या अंगणात आलो, ही बोचही आहे. व्हॉट्सअ‍ॅपला इतर सेवांशी जोडून घ्यायची सक्ती झाली ती युरोपात, आपल्याकडे नाही. ईमेल कुठल्याही कंपनीचे कुठल्याही कंपनीला जाते, फोन कुठूनही कुठेही लागतो. निरोपांचेही तसेच असायला हवे, असे मला मनापासून वाटते, आणि ते वहिनींसारख्यांच्या नावाने मागायला हवे असेही वाटते. निरोपाच्या रंगावरून चाललेल्या भांडणात त्यांची बाजू कुणी मांडत नाही.

काय वेगळे करता आले असते

दादाचे सिम बदलताना मी नोंदणी तपासायला हवी होती. पण ती चूक झाली नसती तरी साखळी कधीतरी तुटलीच असती, कारण तिची रचनाच उलटी होती. अहवाल सगळ्यात लांब असलेल्या माणसाकडे आणि सगळ्यात जवळची बाई ऐकीव माहितीवर. गट करताना “नानांना गोळी कोण देते?” हा एक प्रश्न विचारला असता, तर तो कुठल्या फोनवर करायचा हे तिथेच ठरले असते.

दुसरी गोष्ट लिहिताना लक्षात येते आहे. दोन बैठकांमधल्या पंधरा दिवसांत आम्ही रोज रात्री साधा फोन करत होतो आणि एकही निरोप चुकला नाही. पर्यायांच्या चर्चेत फोनचे नाव कुणी घेतलेच नव्हते. सुरुवात तिथून केली असती तर ‘आधी फोन’ हा नियम सापडायला दोन आठवडे लागले नसते.

सप्टेंबर २०२४ मध्ये आयओएस १८ बरोबर आयफोनवर आरसीएस आले. मधल्याने उत्साहाने विचारले, आता गट तिकडे हलवायचा का? मी सांगितले, की मोबाइल कंपनीवर अवलंबून आहे, आणि आयफोन-अँड्रॉइडमध्ये ते अजून कूटबद्ध नाही. वहिनींनी फक्त विचारले, “मावशींना पुन्हा शिकवावं लागेल का?” लागेल, मी म्हणालो. “मग राहू दे.”

अहवाल आता दुपारी वहिनींच्या फोनवर येतो. त्या डॉक्टरांशी बोलतात, मात्रा ठरते, गटात लिहितात. मधला सकाळी उठून वाचतो, तेव्हा इंदूरला संध्याकाळ झालेली असते आणि गोळी काढून ठेवलेली असते.